विहिरीवरची बाई आणि पंडिता रमाबाई

आजचं वाचन : योहान ४:१-४२



आजचा अध्याय आपण संडे स्कूलपासून ऐकत आलोय. भर दुपार, याकोबाची विहीर, चालून चालून दमलेला येशू, आणि पाणी भरायला एकटीच आलेली शोमरोनी बाई. गावात जिचं नाव कुणी धड घेत नसेल अशी. तिच्याजवळच तो पाणी मागतो.

आज या वचनाचा अर्थ लावत बसत नाही. हा अध्याय वाचून ज्यांचं आयुष्य वळलं, अशा एका मराठी बाईंची गोष्ट सांगते. पंडिता रमाबाई. नाव सगळ्यांना माहीत असतं, शाळेच्या पुस्तकात एक परिच्छेद असतो, आणि मुक्ती मिशनला कधीतरी चर्चची सहल गेलेली असते. त्यापलीकडे आपण फारसं वाचत नाही. मीसुद्धा बरीच वर्षं वाचलं नव्हतं.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या जंगलात. आज तो भाग कर्नाटकात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांनी आपल्या बायकोला संस्कृत शिकवलं, एवढा त्यांचा गुन्हा! लोकांनी नावं ठेवली, पण ते हटले नाहीत. आई लक्ष्मीबाईंनी पुढे पहाटे उठून लेकीला शिकवलं. सगळं कुटुंब पायी तीर्थयात्रा करायचं, देवळांतून पुराण सांगायचं आणि मिळेल त्यावर जगायचं.

मग दुष्काळ आला. साठवलेलं संपलं, भीक मागायची सवय नव्हती, मजुरी कधी केलेली नव्हती. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं अनवाणी देशभर फिरले. पंजाबातल्या थंडीत पांघरूण नव्हतं, तेव्हा नदीकाठी खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून रात्र काढायचे. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

१८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. दोन वर्षांत भाऊ वारला. रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं, तेही जात मोडून, नोंदणी पद्धतीने. लेक झाली, मनोरमा. आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला. वय तेवीस, पदरात दहा महिन्यांचं बाळ, माहेर नाही, सासर नाही.

त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली आणि बायकांसाठी बाईडॉक्टर आणि शिक्षिका हव्यात असं ठणकावून सांगितलं. आपणही डॉक्टर व्हायचं, हे मनात होतं. पुण्यातच त्यांची ओळख वाँटेजच्या सिस्टरांशी झाली. ‘सिस्टर’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कॅथलिक कॉन्व्हेंट येतं. या सिस्टर अँग्लिकन मंडळीतल्या होत्या, पण व्रत तसंच : लग्न नाही, स्वतःचं घर नाही, प्रार्थना आणि गरिबांची सेवा. ‘स्त्रीधर्मनीति’ या आपल्या पुस्तकाच्या पैशातून रमाबाईंनी तिकिटाची सोय केली आणि १८८३ मध्ये मनोरमाला घेऊन इंग्लंडला गेल्या.

ख्रिस्ती व्हायला त्या निघाल्या नव्हत्या. शिकायला निघाल्या होत्या.

तिथे सिस्टरांनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमला नेलं. सिस्टरांचंच एक घर होतं तिथे, समाजाने टाकलेल्या बायकांसाठी. रस्त्यावर शरीर विकून जगलेल्या, फसवल्या गेलेल्या बायका. त्या तिथे राहत होत्या, काम शिकत होत्या, आणि त्यांच्यापैकी काही जणी आता दुसऱ्या तशाच बायकांची सेवा करत होत्या. रमाबाई चक्रावून गेल्या. विधवेला अपशकुनी मानणाऱ्या घरांतून त्या आल्या होत्या. ‘बिघडलेल्या’ बाईला कुणी परत घरात घेतं, तिचे केस विंचरतं, तिच्याशी प्रेमाने बोलतं, हे त्यांनी कुठे पाहिलं नव्हतं. तुम्ही हे का करता, असं त्यांनी एका सिस्टरला विचारलं. उत्तरात सिस्टरने येशू आणि शोमरोनी बाईची भेट सांगितली.

मग रमाबाईंनी योहानाचा चौथा अध्याय वाचला.

अठरा पुराणं कोळून प्यायलेली बाई ही! वादात तिला हरवणं सोपं नव्हतं, आणि वादात तिला कुणी हरवलंही नाही. तिने आधी धुतलेले कपडे, मांडलेली ताटं आणि त्या बायकांचे चेहरे पाहिले. वचन नंतर वाचलं. २९ सप्टेंबर १८८३ ला वाँटेजमध्ये आई-लेकीचा बाप्तिस्मा झाला.

इथे गोष्ट संपली असती तर सोपं होतं. पण पुढची तीन वर्षं रमाबाई आणि त्यांच्या आध्यात्मिक आई सिस्टर जेराल्डीन यांच्यात जोरदार पत्रापत्री झाली. रमाबाई मांस खायच्या नाहीत, अंडंसुद्धा नाही. सिस्टरना वाटायचं हा जुन्या जातीचा अभिमान. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन शब्द असावेत असं सिस्टर म्हणाल्या, तर रमाबाई संस्कृतवर अडून बसल्या. चेल्टनहॅमच्या कॉलेजात रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं का, यावर बिशपांनी नाक मुरडलं, तर त्या चिडल्या. त्रैक्याचा सिद्धांत मला पटेपर्यंत मी मानणार नाही, असंही त्यांनी लिहून टाकलं. सिस्टर दुखावल्या. उद्धट म्हणाल्या, गर्विष्ठ म्हणाल्या.

खरं सांगू? ही पत्रं वाचताना मला दोघींचंही पटतं. आपल्या चर्चमध्ये प्रश्न विचारणाऱ्या मुलीकडे कसं बघतात ते तुम्हाला ठाऊक आहे. पण एखाद्याला आपण विश्वासात आणलं आणि तो आपलं ऐकेनासा झाला, तर पोटात कसं तुटतं तेही काहींना ठाऊक असेल. एक गोष्ट मात्र बघा. ही सगळी पत्रं, स्वतःला टोचणारीसुद्धा, सिस्टर जेराल्डीननी जपून ठेवली. १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती पुस्तकरूपात छापली, म्हणून आज आपल्याला वाचता येतात.

कानाने कमी ऐकू येऊ लागलं आणि डॉक्टर व्हायचं राहिलं. १८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या, त्या आनंदीबाई जोशींचा पदवीदान समारंभ पाहायला, फिलाडेल्फियाला. कोल्हापूरकरांनो, आनंदीबाईंची नेमणूक आपल्याच गावी झाली होती, आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात. म्हणजे आजचं सीपीआर. त्या रुजू व्हायच्या आधीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, क्षयाने गेल्या. सीपीआरवरून जाताना मला दर वेळी ही न आलेली डॉक्टर आठवते. एकीचं डॉक्टर होणं हुकलं, दुसरीचं डॉक्टर होऊन जगणं हुकलं.

अमेरिकेत रमाबाईंनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, पैसा उभा केला आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. पहिल्या विद्यार्थिनींतल्या गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या. रानडे, भांडारकर अशी माणसं सल्लागार होती. शाळेत धर्म शिकवायचा नाही असं ठरलेलं. पण रमाबाई स्वतःच्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करायच्या, आणि मुली येऊन बसायच्या. १८९३ मध्ये वादळ उठलं. ‘केसरी’ने झोडपलं, सल्लागारांनी अंग काढून घेतलं, बऱ्याच पालकांनी मुली नेल्या. शब्द मोडला, असं ज्यांना वाटलं त्यांना अगदीच खोटं म्हणवत नाही. पण दार लावून घ्यायला रमाबाई तयार नव्हत्या.

गंमत म्हणजे, बाप्तिस्मा होऊन आठेक वर्षं झाल्यावर, याच पुण्याच्या काळात, त्यांना कळलं की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला पण ख्रिस्ताला भेटलोच नाही. हे त्यांनी स्वतःच पुढे आपल्या साक्षीत सांगितलंय. जन्मापासून चर्चमध्ये वाढलेल्या माझ्यासारख्यांनी हे वाक्य जरा थांबून वाचावं.

१८९६ चा दुष्काळ पडला मध्य प्रांतात. बातम्या आल्या आणि वाळूत झोपलेली ती मुलगी रमाबाईंच्या आत जागी झाली. उपाशी मुलींना दलाल उचलून नेत होते. पैसा नव्हता, जागा नव्हती, तरी त्या गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेग चालू, सरकारचे निर्बंध. तेव्हा शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर केडगावला, फळबागेसाठी घेतलेल्या माळावर त्यांनी सगळ्यांना नेलं. तेच मुक्ती सदन. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी आल्या, आणि माणसं दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार म्हणजे काय, कल्पना करा. आलेल्या मुलींची हाडं दिसायची, अंगावर फोड, डोक्यात उवा, ताटात हात घालून ओरबाडून खायच्या. त्यांना आंघोळ घालणं, खरूज धुणं, रात्री उठून बघणं. विहिरी खणल्या, शेती केली, माग बसवले, तेलाचा घाणा घातला, गाई पाळल्या. ज्या बायकांना फसवून रस्त्यावर आणलं होतं त्यांच्यासाठी वेगळं घर काढलं, कृपा सदन. फुलहॅमचं घर केडगावात उभं राहिलं म्हणा ना. सिस्टरांशी क्रूसावरच्या अक्षरांवरून भांडलेल्या बाईने त्यांच्याकडून एवढं मात्र पुरतं उचललं होतं.

आणि अक्षरांचं काय? तेही सुटलं नव्हतं. या मुलींना वाचायला शिकवलं, पण हातात दिलेला मराठी बायबलमधला शब्द त्यांच्या डोक्यावरून जायचा. पंडितांचं संस्कृतप्रचुर मराठी! ज्या बाईला स्वतःला ते संस्कृत तोंडपाठ होतं, तिनेच ठरवलं की हे चालणार नाही. पंचेचाळिशी उलटल्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांतून सोप्या मराठीत सगळं बायबल आणायला बसल्या. मुक्तीत छापखाना होता. खिळे जुळवायला, यंत्र चालवायला, पानं घडी करायला तिथल्याच बायका.

जवळजवळ अठरा वर्षं हे काम चाललं. मध्ये सरकारने कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिलं, १९१९ मध्ये. मनोरमा आईचा उजवा हात झाली होती, गुलबर्ग्याला तिने मुलींची शाळा चालवली. पण जुलै १९२१ मध्ये, चाळिशीत, ती आईच्या आधी गेली. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या, ऐकू येत नाही, प्रकृती खचलेली. त्या परत मुद्रितं तपासायला बसल्या. शेवटची मुद्रितं हातावेगळी झाली, आणि ५ एप्रिल १९२२ ला झोपेतच त्या गेल्या. संपूर्ण बायबल छापून बाहेर आलं ते १९२४ मध्ये.

आपल्या चर्चमध्ये वाचतो ते भाषांतर हे नव्हे. रमाबाईंचं भाषांतर मूळाला इतकं चिकटून आहे की कुठेकुठे वाक्य अडखळतं, त्यामुळे ते फारसं रूळलं नाही. पण कुठल्या ग्रंथालयात, कुणाच्या आजीच्या पेटीत एखादी प्रत सापडली, तर योहानाचा चौथा अध्याय उघडून बघा. दुष्काळातून चालत आलेल्या बायकांच्या छापखान्यात ते पान तयार झालं, त्यांनाच वाचता यावं म्हणून.

उद्याचं वाचन : योहान ४:४३-५४