तोंड मागे, पाठ पुढे
कारमध्ये तान्ह्या मुलाचं तोंड मागच्या बाजूला असावं, हे जगाला पटवलं स्वीडनच्या डॉ. बर्टिल आल्डमन यांनी. गोथेनबर्गच्या चाल्मर्स विद्यापीठातले हे प्राध्यापक. जेमिनी यानातले अंतराळवीर उड्डाणाचा जोर अख्ख्या पाठीवर झेलतात, हे पाहून त्यांना मुलांसाठी उलटी सीट सुचली. १९६४ मध्ये तिच्या पहिल्या नमुन्याची चाचणी झाली.

बाळाचं डोकं शरीराच्या मानाने जड, मान मात्र नाजूक. पुढे तोंड करून बसवलं आणि गाडी समोरून धडकली, की सारा ताण मानेवर येतो. उलट्या सीटमध्ये तो डोकं आणि पाठीवर विभागला जातो.

पाय दुमडतात म्हणून आपण सीट लवकर वळवतो. स्वीडनमधली मुलं साधारण चार वर्षांची होईपर्यंत पाय दुमडूनच, मागे बघत प्रवास करतात.