तंबोऱ्यामागे लपता येत नाही : सुरश्री केसरबाई केरकर

गेल्या वर्षीच्या आमच्या वार्षिक संमेलनात घडलेला एक प्रसंग उपस्थित कुटुंबांच्या स्मरणात असेलच. अकरा-बारा वर्षांची एक मुलगी गावयास बसली. घरी तिचे गाणे आम्ही ऐकले होते. गळा गोड आणि सुरास पक्का. परंतु सभामंडप भरलेला पाहताच तिचे हात पेटीवर थरथरू लागले, दुसऱ्या ओळीस आवाज बसला आणि ती रडत पडद्यामागे निघून गेली. एवढ्यावर प्रकरण मिटते, तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण नंतर पंक्तीत काही वडीलधाऱ्यांनी तिच्या वडिलांस, मुलीच्या जातीस व्यासपीठावर चढवावेच कशाला, असे सुनावले. आणि त्या घरातील पेटी त्या दिवसापासून बंद आहे.

आमच्या या झाडीपट्टीत असे व्हावे, याचे परक्यास नवल वाटेल. मंडईच्या रात्री दंडार पाहावयास येथे गावेच्या गावे लोटतात. धान घरात आले की पहाटेपर्यंत नाटके चालतात. मात्र नाटकात सोंगाआड लपता येते, तंबोऱ्यामागे लपता येत नाही. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही कै. केसरबाई केरकर यांचे चरित्र निवडले. त्या आपल्या ज्ञातीच्या नव्हत, गोमंतकातील कलावंत समाजाच्या होत. ज्ञातीच्या स्मरणिकेत ज्ञातीबाहेरचे चरित्र कशास, अशी शंका आमच्याच मंडळात एकाने काढली. तिचे उत्तर पुढील मजकुरात मिळावे अशी अपेक्षा आहे.

केसरबाईंचा जन्म १८९२ साली फोंडा तालुक्यातील केरी या गावी झाला. देवळातील कीर्तन-भजन हीच त्यांची पहिली शाळा. आठव्या वर्षाच्या सुमारास घरच्यांनी त्यांस कोल्हापुरास नेले. तेथे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची तालीम मिळाली, पण ती वर्षभरही टिकली नाही. गोव्यास परतल्यावर रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे शिक्षण झाले. तेही बुवा गोव्यात असत तेवढेच. सोळाव्या वर्षी त्या मुंबईस आल्या. तेथे सतारिये बरकतुल्ला खाँ यांनी अधूनमधून शिकविले, भास्करबुवा बखले यांचाही काही काळ लाभ झाला. गुरू एकाहून एक थोर होते, परंतु तालीम सर्वत्र तुटक राहिली. एकाच घरास चार गवंड्यांनी चार निरनिराळे पाये घालावेत, तशी ही अवस्था होती. वरून भिंत उभी दिसे. भार पडला की काय होईल, हे सांगता येत नव्हते.

तो भार एका बैठकीत पडला. मुंबईतील धनिक रसिकांपुढे केसरबाई गावयास बसल्या आणि गाणे रंगेना. श्रोत्यांत चुळबूळ झाली, उपहास झाला. बैठकीतील गायिकेस अशा वेळी उठून जाण्याचीही सोय नसते. शिवाय त्या काळी अशी गायिका कलावंत समाजाची असे. प्रतिष्ठित मंडळी तिचे गाणे हौसेने ऐकत, परंतु आपल्या घरातील मुलीस गळा उघडू देत नसत. वाहवा करणारे पुष्कळ होते. पडलेल्या गाण्यास सावरणारे कोणी नव्हते. (आमच्या पंक्तीतील ते उद्गार आठवले म्हणजे काळ फारच पालटला, असे म्हणवत नाही.)

त्या अपमानानंतर केसरबाईंनी गाणे सोडले नाही आणि लगेच दुसरी बैठक करून उसने अवसानही आणले नाही. त्यांनी अल्लादिया खाँसाहेबांचीच तालीम घ्यावयाची असे ठरविले. खाँसाहेब त्यावेळी कोल्हापूर दरबारचे गवई. अत्यंत नामांकित आणि शिकविण्याच्या बाबतीत तितकेच चोखंदळ. ते सहजासहजी तयार झाले नाहीत. मोठी बिदागी आणि दीर्घकाळ शिकण्याचे वचन, अशा कडक अटी पडल्या. त्या सर्व मान्य करून १९२१ साली केसरबाईंनी गंडा बांधला. त्यावेळी त्या अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. ज्या वयात इतर गायिका नाव कमावून बसतात, त्या वयात त्यांनी पुन्हा आकारापासून आरंभ केला.

येथे खाँसाहेबांविषयी थोडे सांगितले पाहिजे. ऐन उमेदीत एका संस्थानिकाच्या हौसेपायी सलग गावे लागल्यामुळे त्यांचा स्वतःचा आवाज गेला होता. तो परत आला, परंतु पूर्वीची कोवळीक परत आली नाही. तेव्हा जो गळा उरला, त्यास शोभेल अशी नवी गायकी त्यांनी सिद्ध केली. तीच पुढे जयपूर-अत्रौली घराणे म्हणून प्रसिद्धीस आली. भर दरबारात गळा दगा देतो म्हणजे काय होते, हे या गुरूस ठाऊक होते.

तालीम सुमारे दहा वर्षे चालली. खुला आकार, लांब दम, लयीस धरून एकातून एक उलगडत जाणारी स्वरांची गुंफण आणि अनवट जोडरागांची बिकट वाट, असे या गायकीचे स्वरूप आहे. एकेक पलटा गळ्यात मुरेपर्यंत पुढचा नाही. आमच्या अल्पमतीस असे वाटते की, सभेची भीती ही बहुधा सभेची नसतेच. पुढचा स्वर हाताशी येईल की नाही, याची ती भीती असते. केसरबाईंच्या बाबतीत ती शंकाच तालमीने नाहीशी केली. धीर दे म्हणून कोणी पाठीवर हात फिरविल्याने ती गेली नसती.

पुढे त्या बैठकीत बसल्या म्हणजे राणीच्या थाटात बसत. तंबोरे मनासारखे जुळेपर्यंत घाई नाही. पहिलाच षड्ज भरदार, चाचपडणे नाही. कोणी मध्येच बोलले तर त्यांची नजर पुरेशी होई. त्यांस गर्विष्ठ म्हणणारे पुष्कळ होते आणि त्यांचा स्वभाव तिखट होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ज्यांस एकदा भर बैठकीत खाली पाहावे लागले, त्यांनी पुढे कोणासही तशी संधी दिली नाही, असेही त्याकडे पाहता येईल. रवींद्रनाथ ठाकुरांनी त्यांच्या गाण्याचा गौरव केला. १९४८ साली कलकत्त्यास त्यांस ‘सुरश्री’ ही पदवी मिळाली. १९५३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार व १९६९ साली पद्मभूषण, हे सन्मानही लाभले.

ध्वनिमुद्रण ही गायकाची आणखी एक कसोटी. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम साडेतीन मिनिटे मावत. समोर श्रोता नाही, दाद नाही. आणि कोठे चूक झाली तर तेवढाच तुकडा बदलण्याची सोय नव्हती, सारे पुन्हा गावे लागे. तास-तासभर एक राग मांडणाऱ्या केसरबाईंनी त्या चिमटीत ललित, मालकंस, नटकामोद बसविले. आकाशवाणीवर गाण्यास मात्र त्यांनी नकारच दिला. आपले गाणे कोण, कोठे, कोणत्या अवस्थेत ऐकतो, हे त्यांस कळावयास हवे असे. त्यांच्याच भैरवीची एक तबकडी १९७७ साली अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली. त्या सुवर्णतबकडीवर भारतीय संगीतातील तेवढी एकच चीज आहे. त्याच वर्षी १६ सप्टेंबर रोजी केसरबाईंचे निधन झाले.

पण गाणे त्यांनी त्यापूर्वीच थांबविले होते. सन १९६३-६४ च्या सुमारास, गळा आपल्या मनाप्रमाणे चालत नाही असे दिसताच, त्यांनी जाहीर बैठकी बंद केल्या. लोक ऐकावयास तयार होते. त्या तयार नव्हत्या. त्यानंतर घरी त्यांनी धोंडूताई कुलकर्णी यांस विद्या दिली. कोल्हापूरच्या एका ब्राह्मण कुटुंबातील मुलगी, कलावंत घरातील गुरूपुढे तंबोरा घेऊन बसत असे आणि तिच्या वडिलांनी त्यास कधी हरकत घेतली नाही.

या मजकुराचे कच्चे मुद्रित आम्ही त्या मुलीच्या वडिलांकडे पाठविले आहे.