गोरिलांच्या डोंगरात राहिलेली डिआन फॉसी

गोरिला म्हटलं की मुलं लगेच छाती बडवून दाखवतात. सिनेमातला किंगकाँग त्यांच्या डोक्यात पक्का बसलेला असतो. खरा पहाडी गोरिला मात्र दिवसभर पाला, देठ, कोवळे कोंब खातो आणि दुपारी पिल्लांसोबत लोळतो. जॉर्ज शॅलर या शास्त्रज्ञाने हे आधी नोंदवलं होतं. पण गोरिलांच्या इतकं जवळ जाऊन वर्षानुवर्षं राहिली ती डिआन फॉसी.

डिआनचा जन्म १६ जानेवारी १९३२ रोजी अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात झाला. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं, पण भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्रात ती नापास झाली. मग तिने अपंग मुलांच्या रुग्णालयात व्यवसायोपचाराचं काम धरलं. ज्या मुलांना नीट बोलता येत नाही त्यांचा विश्वास मिळवायचा, हे ती तिथे रोज करत होती. मला वाटतं, पुढच्या कामाची खरी तयारी तिथेच झाली.

१९६३ मध्ये साठवलेले पैसे आणि वर कर्ज काढून ती आफ्रिकेला गेली. तिथे लुई लीकी या मानववंशशास्त्रज्ञांची भेट झाली आणि काँगोच्या डोंगरात तिने पहिल्यांदा गोरिला पाहिले. तीन वर्षांनी लीकींनी तिला या कामासाठी निवडलं. जंगलात दवाखाना नाही, तेव्हा अपेंडिक्स आधीच काढून टाक, असं ते म्हणाले. तिने खरंच शस्त्रक्रिया करून घेतली! नंतर कळलं, ते फक्त तिची जिद्द पाहत होते.

१९६७ च्या सुरुवातीला तिने काँगोत तंबू ठोकला. काही महिन्यांतच तिथल्या अशांततेमुळे सैनिकांनी तिला खाली आणलं. तिथून निसटून ती त्याच सप्टेंबरमध्ये शेजारच्या रवांडात पुन्हा डोंगर चढली. करिसिम्बी आणि विसोके या दोन ज्वालामुखी पर्वतांच्या मध्ये, सुमारे ३००० मीटर उंचीवर तिने संशोधन केंद्र उभारलं. दोन्ही नावं जोडून त्याला नाव दिलं ‘करिसोके’. सतत पाऊस, थंडी, चिखल आणि डिआनला तर दम्याचा त्रास.

जवळ जायची तिची पद्धत मुलांना करून दाखवण्यासारखी आहे. ती उभी राहून चालत जायची नाही. गोरिलांसारखी हाताच्या मुठी टेकून, मान खाली घालून सरकायची. अंग खाजवायची, रानटी सेलरीचे देठ चावायची, समाधानाचे हुंकार काढायची. प्रत्येक गोरिलाच्या नाकावरच्या सुरकुत्या वेगळ्या असतात; त्या रेखाटून ती त्यांना ओळखायची. अखेर एके दिवशी पीनट्स नावाच्या नराने हात पुढे करून तिच्या हाताला स्पर्श केला. नापास झालेल्या या मुलीने पुढे केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टरेटही मिळवली.

तिचा लाडका गोरिला होता डिजिट. त्याचं एक बोट दुखावलेलं होतं, त्यावरून हे नाव. १९७७ च्या शेवटच्या दिवशी शिकाऱ्यांनी त्याला भाल्यांनी मारलं आणि त्याचं डोकं व हात तोडून नेले. आपल्या कळपाला पळायला वेळ मिळावा म्हणून तो एकटा उभा राहिला होता.

त्यानंतर डिआन बदलली. तिने डिजिटच्या नावाने निधी उभारला, फासे शोधून मोडणारी पथकं नेमली. पकडलेल्या शिकाऱ्यांशी मात्र ती फार कठोरपणे वागली, त्यांना चेटकिणीची भीती घातली. हे मुलांपासून लपवू नये असं मला वाटतं. डोंगराखालचे लोक गरीब होते, जमीन अपुरी होती आणि बरेचसे फासे हरणांसाठी लावलेले असत. त्यात गोरिलांचे हात-पाय अडकायचे. मोठ्या वर्गात यावर छान चर्चा होते.

१९८३ मध्ये तिचं ‘गोरिलाज इन द मिस्ट’ हे पुस्तक आलं. २६ डिसेंबर १९८५ च्या रात्री करिसोकेतल्या तिच्या खोलीतच तिचा खून झाला. तो कोणी केला यावर आजही वाद आहे. तिला डिजिटच्या शेजारीच पुरलं.

तिच्या काळात विरुंगा पर्वतरांगेत जेमतेम अडीचशे पहाडी गोरिला उरले होते. आता तिथले आणि युगांडातल्या बविंडी जंगलातले मिळून हजाराच्या वर आहेत. पर्यटन तिला अजिबात आवडत नव्हतं, पण आज त्याच पैशावर रक्षकांचे पगार होतात. पर्यटकांना मात्र गोरिलांपासून काही मीटर लांबच उभं करतात. माणसाची साधी सर्दीसुद्धा त्यांच्या जिवावर बेतू शकते, त्यामुळे पीनट्स आणि तिच्यात झाला तसा स्पर्श आता कुणालाच करू देत नाहीत.