वनस्पतिरंगांचे रसायन उलगडणारे डॉ. के. वेंकटरामन

जांभूळ, तुती, कोकम या फळांना लाल-जांभळा रंग देणारी अँथोसायनिन ही द्रव्ये फ्लॅव्होनॉइड कुळातील आहेत. या कुळाच्या रसायनशास्त्रात भारताला मानाचे स्थान मिळवून देणाऱ्यांमध्ये डॉ. कृष्णस्वामी वेंकटरामन यांचा समावेश होतो.

७ जून १९०१ रोजी मद्रास येथे जन्मलेले वेंकटरामन उच्च शिक्षणासाठी मँचेस्टरला गेले. तेथे त्यांना रॉबर्ट रॉबिन्सन यांचे मार्गदर्शन लाभले. वनस्पतिजन्य संयुगांवरील कार्यासाठी रॉबिन्सन यांना १९४७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. मायदेशी परतल्यावर वेंकटरामन यांनी लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन महाविद्यालयात संशोधन केले. फ्लॅव्होन हे पिवळे वनस्पतिरंग प्रयोगशाळेत तयार करण्यास उपयुक्त ठरलेली अभिक्रिया त्यांनी तेथे शोधली. विल्सन बेकर यांनीही ती स्वतंत्रपणे मांडल्याने ती बेकर-वेंकटरामन अभिक्रिया या नावाने ओळखली जाते.

१९३८ मध्ये ते मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे पहिले भारतीय संचालक झाले. १९५७ मध्ये त्यांनी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची सूत्रे स्वीकारली. तेथेही ते या पदावरील पहिले भारतीय होते. तुतीची साल आणि फणसाचे लाकूड यांतील रंगद्रव्यांची रचना त्यांनी सहकाऱ्यांसह निश्चित केली. १९६१ मध्ये त्यांना पद्मभूषण किताबाने गौरविण्यात आले.

रक्तवाहिन्यांवरील परिणाम हा त्यांच्या संशोधनाचा विषय नव्हता. मात्र १९३६ मध्ये हंगेरीतील आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी व त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लॅव्होनॉइडमुळे केशवाहिन्यांची गळती कमी होते, असे प्रतिपादन केले. त्या द्रव्याला त्यांनी 'पी' जीवनसत्त्व म्हटले. पुढे ते जीवनसत्त्व ठरले नाही. वनस्पतींच्या अर्कात अनेक द्रव्ये मिसळलेली असतात. त्यांपैकी कोणते परिणामकारक आहे, हे ठरविण्यासाठी ज्ञात रचनेची शुद्ध संयुगे लागतात. अशी संयुगे मिळविण्याचा एक मार्ग वेंकटरामन यांच्या अभिक्रियेने खुला केला.

अँथोसायनिनयुक्त फळांच्या सेवनानंतर रक्तवाहिन्यांचे आतील अस्तर अधिक नायट्रिक ऑक्साइड निर्माण करते व वाहिन्या शिथिल होतात, असे अलीकडील काही अभ्यासांत आढळले आहे. तथापि ही द्रव्ये मूळ रूपात रक्तात अत्यल्प पोहोचतात. बरेचसे कार्य त्यांच्या विघटनातून बनलेले घटक करीत असावेत, असे मानले जाते. त्यामुळे फळे आहारात असावीत, पण ती रक्तदाबावरील औषधाची जागा घेऊ शकत नाहीत.

डॉ. वेंकटरामन यांचे १९८१ मध्ये निधन झाले. कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावरील त्यांचा बहुखंडी ग्रंथ या विषयातील प्रमाणग्रंथ मानला जातो.