खरजेच्या वॉर्डातले प्राध्यापक

अंगाला खाज सुटली, पुरळ उठले की आपल्याकडे पहिला संशय रक्तावर येतो. रक्त खराब झाले, अंगात उष्णता वाढली, पोट साफ नाही. मग कडू काढे, रक्तशुद्धीच्या बाटल्या आणि महिनाभराचे पथ्य. वरून मलम लावायला काही जण चक्क घाबरतात, कारण वरून दाबलेला रोग आत शिरतो अशी भीती असते. ही समजूत फक्त आपलीच आहे असे कुणाला वाटत असेल, तर १८० वर्षांपूर्वीच्या व्हिएन्नात डोकावून पाहावे. तिथले नामवंत डॉक्टरही नेमके हेच मानत होते, तेही साध्या खरजेबद्दल. दूषित रसांचा निचरा त्वचेतून होतो, तो अडवला तर दमा, जलोदर, वेड असे काहीही उद्भवू शकते, अशी त्यांची शिकवण होती. ही शिकवण मोडून काढणारे, आणि जगभरच्या डॉक्टरांना त्वचारोग शिकायला आपल्या वॉर्डात खेचून आणणारे गृहस्थ म्हणजे फर्डिनंड फॉन हेब्रा.

हेब्रा यांचा जन्म ७ सप्टेंबर १८१६ रोजी ब्रून या गावी झाला. आजच्या चेक प्रजासत्ताकातले ब्रनो ते हेच. १८४१ मध्ये ते व्हिएन्नात डॉक्टर झाले आणि तिथल्या सार्वजनिक रुग्णालयात नोकरीला लागले. सम्राट दुसरा योझेफ याने १७८४ मध्ये उघडलेले हे रुग्णालय म्हणजे एक लहानसे गावच होते. रुग्णांची तिथे कधीच वानवा नसे, आणि मृत्यू झाला की शवविच्छेदन होई. कार्ल रोकितान्स्की विच्छेदनाच्या टेबलावर आजाराची शरीरातली खूण शोधत, तर योझेफ स्कोडा जिवंत रुग्णाच्या छातीवर बोटे वाजवून आणि नळी लावून तीच खूण ऐकत. या दोघांच्या हाताखाली तयार झालेल्या पिढीला नुसत्या तर्कावर चालणारे वैद्यक मानवत नव्हते.

स्कोडांकडे छातीच्या रोगांचा विभाग होता आणि पुरळ-खरजेच्या रुग्णांचा वॉर्ड त्यालाच जोडलेला होता. तो कुणालाच नको होता. भटके कारागीर, मजूर, शिकाऊ पोरे, मोलकरणी अशी गर्दी तिथे असे, बहुतेकांना खरूज. नाव कमवू पाहणारा तरुण डॉक्टर तिकडे फिरकत नसे. स्कोडांनी हेब्रांना तिकडेच पाठवले आणि याच विषयात लक्ष घालायला सुचवले. सल्ला शहाणपणाचा होता. ज्या खोलीत कुणी पाहत नाही तिथे पाहण्यासारखे पुष्कळ उरलेले असते.

खरजेचा किडा तोपर्यंत अज्ञात होता असे नाही. १६८७ मध्येच बोनोमो आणि चेस्टोनी या दोघा इटालियनांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याचे चित्र छापले होते. पण रसांच्या सिद्धान्तापुढे त्या चित्राला कोण विचारतो? १८३४ मध्ये पॅरिसच्या सेंट-लुई रुग्णालयात रेनुची नावाच्या कॉर्सिकन विद्यार्थ्याने सुईच्या टोकावर किडा काढून सगळ्यांना दाखवला. ही युक्ती त्याच्या बेटावरच्या गरीब बायकांना आधीपासून ठाऊक होती. एवढे होऊनही अनेक जण म्हणत राहिले की किडा आहे हे खरे, पण तो रोगामुळे आला. रोग त्याच्यामुळे नाही.

हेब्रांनी हा वाद स्वतःच्या कातडीवर सोडवला. रुग्णांच्या अंगावरचे किडे त्यांनी स्वतःला लावून घेतले आणि काय काय होते ते पाहत बसले. किड्याची मादी जेमतेम अर्धा मिलिमीटरही नसते. ती त्वचेच्या वरच्या थरात वाकडीतिकडी बिळे खणते आणि त्यात अंडी घालते. बाकी जे दिसते, म्हणजे ओरखडे, पुरळ, पू, खपल्या, त्यातले बरेचसे खाजवण्यातून येते, हे त्यांच्या लक्षात आले. किडा मारला की खरूज जाते. रक्ताशी तिचा संबंध नाही आणि बरी झालेली खरूज आत शिरून दुसरा रोग करत नाही. १८४४ मध्ये त्यांनी हे सविस्तर प्रसिद्ध केले. गंधक, डांबर, हिरवा मऊ साबण, चरबी आणि खडू यांचे मलम ते वापरत. वास भयंकर, पण काम चोख. आज पर्मेथ्रिनचे मलम आणि आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या आहेत, तरी तान्ह्या बाळांसाठी आणि गरोदर बायकांसाठी गंधकाचे मलम अजून वापरात आहे.

इथे खरजेबद्दल एक गोष्ट सांगून टाकतो. पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुटायला तीन ते सहा आठवडे लागू शकतात. त्यामुळे घरात एकाला खरूज झाली असेल, तर न खाजवणाऱ्यांनाही एकाच वेळी औषध लावावे लागते. नाहीतर ती घरात फिरत राहते आणि दोष पुन्हा बिचाऱ्या रक्तावर येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये खरजेला उपेक्षित आजारांच्या यादीत घेतले. उपेक्षा जुनीच.

खरजेवरून हेब्रांना एक दिशा मिळाली. त्वचा हा शरीराचा एक अवयव आहे, नुसता पडदा नाही, आणि अवयवाला स्वतःचे आजार असतात. क्रोटनचे तेल निरोगी त्वचेवर चोळून त्यांनी हुबेहूब इसब उठवून दाखवले. आतून काहीही बिघडलेले नसताना इसब होऊ शकते, हे त्यातून दिसले. काही रुग्णांना ते मुद्दाम औषधाशिवाय ठेवत, रोग आपल्या गतीने कुठे जातो ते पाहायला. आजच्या नीतिनियमांत हे बसणार नाही; पण निम्मी औषधे काहीच करत नाहीत हे यातूनच कळले. १८४५ मध्ये त्यांनी त्वचारोगांची बारा गटांत मांडणी केली. आधारभूत प्रश्न एकच: त्वचेच्या आत नेमके काय बदलले आहे? त्यापूर्वी लंडनच्या विलन यांनी पुरळाच्या दिसण्यावरून गट पाडले होते आणि पॅरिसच्या आलिबेर यांनी त्वचारोगांचा चक्क वृक्ष काढला होता. फांद्यांवर फांद्या असलेला तो वृक्ष सुंदर होता, पण रुग्णाच्या उशाशी त्याचा उपयोग थोडा.

आलिबेर यांचा उल्लेख आला म्हणून सांगायला हवे की त्वचारोगांचे खुले वर्ग त्यांनी आधीच सुरू केले होते. सेंट-लुईच्या आवारात लिंडन वृक्षांखाली ते व्याख्यान देत आणि ऐकायला गर्दी लोटे. हेब्रांच्या वर्गाची तऱ्हा निराळी होती. तिथे व्याख्यान कमी आणि रुग्ण जास्त. १८४२ पासून ते हे वर्ग घेऊ लागले, १८४९ मध्ये प्राध्यापक झाले आणि पूर्ण प्राध्यापकपदासाठी मात्र त्यांना १८६९ पर्यंत थांबावे लागले. रुग्ण समोर आला की आधी विचारपूस नाही. आधी त्वचा पाहायची: पुरळ कुठे आहे, कुठे नाही, कडा कशी आहे, नखांचे ओरखडे कुठवर पोहोचले आहेत. पाठीच्या मधोमध हात पोहोचत नाही, तिथली त्वचा काय सांगते? मग रुग्णाशी बोलायचे. हातांचे घट्टे, डाग, भाजल्याच्या खुणा पाहून ते समोरचा माणूस शिंपी आहे, चांभार आहे की भट्टीवर काम करतो ते ओळखत आणि वर्ग थक्क होई, असे किस्से त्यांच्याबद्दल सांगितले जातात. ते विनोदी होते, तिरकस बोलत आणि ढोंग दिसले की सोडत नसत.

या वर्गांना येणारे सगळे कोवळे विद्यार्थी नव्हते. पदवी घेतलेले, आपापल्या गावी दवाखाना चालवणारे डॉक्टर काही आठवडे किंवा महिने सवड काढून व्हिएन्नाला येत. प्राध्यापकांचा वर्ग झाला की त्यांचे सहायक फी घेऊन छोटे छोटे अभ्यासक्रम चालवत. जर्मन कळत नसे त्यांनाही डोळे होतेच. डॉक्टर झाल्यानंतर पुन्हा विद्यार्थी होऊन बाकावर बसायचे, ही गोष्ट आज आपल्याला नवी वाटत नाही. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंदणीचे नूतनीकरण करायचे तर पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात, आणि रविवारची ‘सीएमई’ गाठायला डॉक्टरांची धावपळ चालते. व्हिएन्नात सक्ती नव्हती. अटलांटिक ओलांडून लोक स्वखर्चाने येत होते, कारण एका सकाळी जेवढे त्वचारोग तिथे दिसत, तेवढे घरी वर्षभरात दिसत नसत.

बोस्टनचे जेम्स क्लार्क व्हाइट असेच १८५६ मध्ये पदवी घेऊन तिथे पोहोचले. परत गेल्यावर १८७१ मध्ये हार्वर्डमध्ये त्वचारोगांचे अमेरिकेतले पहिले प्राध्यापकपद त्यांना मिळाले, आणि १८७६ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेचे पहिले अध्यक्षही तेच. फिलाडेल्फियाचे लुई डूरिंग हेही व्हिएन्नात शिकून गेलेले. दर वर्षी एकत्र जमायचे, अवघड रुग्णांची चर्चा करायची, हा शिरस्ता अशा माणसांनी आपापल्या देशात रुजवला.

ज्यांना येता येत नव्हते त्यांच्यासाठी हेब्रांनी वॉर्डच छापून पाठवला, असे म्हणायला हरकत नाही. १८५६ पासून १८७६ पर्यंत त्यांचा त्वचारोगांचा रंगीत चित्रसंग्रह भागाभागाने निघत राहिला. छायाचित्रे रंगीत नव्हती तेव्हाची ही गोष्ट. आन्टोन एल्फिंगर आणि कार्ल हाइट्समान या दोघांनी चित्रे काढली, दोघेही डॉक्टर. एल्फिंगर टोपणनावाने व्यंगचित्रेही काढत. चित्रे बहुतेक प्रत्यक्ष आकाराची, आणि त्यातली माणसे माणसांसारखी दिसतात, नमुन्यांसारखी नाहीत. पाठ्यपुस्तकाचा पहिला खंड १८६० मध्ये आला. त्याचे इंग्रजी भाषांतर लंडनच्या न्यू सिडनहॅम सोसायटीने केले आणि हेब्रांची पद्धत इंग्रजी वाचणाऱ्या डॉक्टरांपर्यंत गेली.

भाजलेल्या आणि अंगभर फोड आलेल्या रुग्णांसाठी त्यांनी पाण्याचा पलंग तयार करवला होता. टबात चौकटीवर ताणलेले कापड, त्यावर रुग्ण, आणि सतत बदलते कोमट पाणी. गादीला चिकटून सोलणाऱ्या त्वचेच्या वेदना त्यात कमी होत. काही रुग्ण असे आठवडेच्या आठवडे पाण्यात राहिले.

हेब्रांच्या आयुष्यातला सर्वांत अवघड भाग मात्र त्वचेचा नाही. इग्नाझ सेमेलवाइस त्यांचे मित्र. १८४७ च्या एप्रिलमध्ये त्याच रुग्णालयाच्या प्रसूती विभागात शंभरातल्या अठरा बाळंतिणी दगावत होत्या. सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि उन्हाळ्यात हे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास आले. सेमेलवाइस यांना लिहायचा विलक्षण कंटाळा. तेव्हा वैद्यक मंडळाच्या नियतकालिकाचे संपादन करणाऱ्या हेब्रांनीच डिसेंबर १८४७ मध्ये हा शोध प्रसिद्ध केला, जेन्नरच्या देवीच्या लसीच्या तोडीचे त्याचे मोल सांगितले आणि एप्रिल १८४८ मध्ये पुन्हा लिहिले. वरिष्ठांनी कानाडोळा केला. पुढे १८६५ च्या उन्हाळ्यात सेमेलवाइस यांचे मानसिक संतुलन ढळले. घरच्यांनी त्यांना बुडापेस्टहून व्हिएन्नाला आणले, स्टेशनवर घ्यायला हेब्रा गेले, आणि नवे आरोग्यधाम दाखवतो अशी थाप मारून त्यांना मनोरुग्णालयात सोडून आले. दोन आठवड्यांत, १३ ऑगस्टला, सेमेलवाइस वारले, रक्तात जंतुसंसर्ग पसरून. ज्याने सर्वांत आधी बाजू घेतली त्याच्याच हातून हे घडावे! दुसरा मार्ग त्या काळात होता का, हे आज घरात बसून सांगणे सोपे नाही.

चुका त्यांच्याही झाल्या. आतल्या रसांविरुद्धची लढाई जिंकल्यावर ते दुसऱ्या टोकाला गेले आणि शरीराच्या आतल्या आजारांचा त्वचेशी असलेला खरा संबंधही नाकारू लागले. कांजिण्या म्हणजे देवीचाच सौम्य प्रकार, असे ते शेवटपर्यंत मानत; ते साफ चूक निघाले. जांघेतल्या कडा उठलेल्या नायट्याचे त्यांनी १८६० मध्ये अचूक वर्णन केले, पण त्याला इसब म्हटले. तो बुरशीचा रोग आहे हे इतरांनी दाखवले, आणि त्यात त्यांच्याच हाताखाली शिकलेले पिक होते. गुरूने डोळे दिले की शिष्य गुरूच्या पलीकडचे पाहणारच. जांघेतला हा नायटा आजही दुकानातून परस्पर आणलेल्या स्टिरॉइडच्या मलमाने इसब समजून चोळला जातो आणि अंगभर पसरतो.

त्यांचे सर्वांत प्रसिद्ध शिष्य मोरिझ कापोझी. मूळ नाव कोन, हंगेरीतल्या कापोश्वार गावचे. गावावरून त्यांनी आडनाव घेतले. हेब्रांची मुलगी मार्था त्यांना दिली होती. पाठ्यपुस्तकाचा दुसरा खंड सासरे-जावयांनी मिळून पुरा केला. कापोझींनी १८७२ मध्ये वर्णन केलेल्या त्वचेच्या गाठींचे नाव शंभर वर्षांनी एड्सच्या साथीत पुन्हा सगळीकडे ऐकू आले.

५ ऑगस्ट १८८० रोजी हेब्रा यांचे निधन झाले आणि क्लिनिक कापोझींकडे आले. १८८९ मध्ये जगभरचे त्वचारोगतज्ज्ञ पहिल्यांदा एका आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी जमले ते पॅरिसला, सेंट-लुईमध्येच. बारेता यांनी घडवलेल्या मेणाच्या प्रतिकृतींचे संग्रहालय तेव्हा उघडले गेले. दुसरी परिषद तीन वर्षांनी, १८९२ मध्ये, व्हिएन्नात भरली. अध्यक्ष होते कापोझी.