न्यायासनावरील गणितज्ञ : सर शाह मुहम्मद सुलेमान

१९३७ च्या ऑक्टोबर महिन्यात नवी दिल्लीत भारताचे फेडरल कोर्ट, म्हणजे संघीय न्यायालय, स्थापन झाले. स्वतःची इमारत नसल्याने त्याचे कामकाज संसद भवनातील नरेंद्र मंडळाच्या सभागृहात चाले. न्यायमूर्ती अवघे तीन होते. सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर, मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर आणि अलाहाबादहून आलेले सर शाह मुहम्मद सुलेमान. पुढे या तिघांनीही विद्यापीठे सांभाळली. ग्वायर दिल्लीचे, सुलेमान अलीगढचे आणि स्वातंत्र्यानंतर जयकर पुण्याचे कुलगुरू झाले. न्यायालय आणि विद्यापीठ यांचे असे नाते आज दुर्मीळच म्हणावे लागेल. जयकरांचे नाव मराठी वाचकांना परिचित आहे. सुलेमानांचे नाव मात्र एकेकाळी देशोदेशींच्या वृत्तपत्रांत झळकूनही आता विस्मृतीत गेले आहे. दिवसा कायद्याची कलमे तपासणारा हा न्यायाधीश फावल्या वेळात विश्वाची नवी उपपत्ती मांडत होता, आणि तीही थेट आइनस्टाइन यांच्या विरोधात.

सुलेमान यांचा जन्म १८८६ साली जौनपूर-आझमगढच्या परिसरातील एका वकिली घराण्यात झाला. शाहजहानच्या काळी निसर्गाच्या तत्त्वज्ञानावर ग्रंथ लिहिणारे मुल्ला महमूद जौनपुरी हे आपले पूर्वज, असे हे घराणे मानीत असे. अलाहाबादच्या म्यूर सेंट्रल कॉलेजातून पदवी घेऊन सुलेमान १९०६ मध्ये केंब्रिजला गेले. ज्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत १८९९ साली आपले रघुनाथराव परांजपे सीनियर रँग्लर ठरले होते, तीच परीक्षा सुलेमान १९०९ मध्ये उत्तीर्ण झाले. पाठोपाठ त्यांनी कायद्याची ट्रायपॉसही दिली. पोटासाठी त्यांनी कायदा निवडला, गणित मात्र सोडले नाही. १९२० मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, ते अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि १९३२ मध्ये तेथील मुख्य न्यायमूर्ती.

त्यांच्या न्यायदानाचा एक प्रसंग महाराष्ट्राने विशेष लक्षात ठेवावा असा आहे. मीरतच्या कट खटल्यात श्रीपाद अमृत डांगे, मिरजकर, घाटे, जोगळेकर, निंबकर आणि बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आलेले गंगाधर अधिकारी असे अनेक मराठी कामगार पुढारी आरोपी होते. १९२९ च्या मार्चमध्ये झालेल्या अटकेपासून १९३३ च्या जानेवारीतील निकालापर्यंत जवळजवळ चार वर्षे हे प्रकरण खालच्या न्यायालयात रेंगाळले. अपील अलाहाबादला आले. सुलेमान आणि न्यायमूर्ती यंग यांनी केवळ आठ दिवसांत सुनावणी आटोपली आणि ऑगस्टमध्ये शिक्षा मोठ्या प्रमाणावर घटविल्या. डांगे यांची बारा वर्षांची शिक्षा तीन वर्षांवर आली, कित्येक जण सुटले. अवाढव्य कागदपत्रांतून नेमका मुद्दा वेगळा काढण्याची ही हातोटी गणिताने दिली की कायद्याने, हे ठरविणे कठीण आहे.

याच सुमारास त्यांनी आपल्या नव्या सापेक्षतावादाची प्रकरणे अलाहाबादच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकातून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. त्यांचे म्हणणे समजून घ्यायचे तर पदार्थविज्ञानाच्या पायाशी असलेली काही गृहीतके पाहावी लागतात. ही गृहीतके प्रयोगातून निघत नाहीत, प्रयोगाला बसण्यापूर्वीच ती मान्य केलेली असतात. न्यूटन यांच्या बलशास्त्रात अशी दोन मोठी गृहीतके होती. अवकाश आणि काळ सर्वांना सारखेच असतात, ते कोणाच्या गतीवर अवलंबून नसतात, हे पहिले. सूर्याचे आकर्षण पृथ्वीपर्यंत पोचण्यास मुळीच वेळ लागत नाही, हे दुसरे. दुसऱ्या गोष्टीविषयी स्वतः न्यूटनही समाधानी नव्हते. तरीही या पायावर दोनशे वर्षे ग्रहगणित उत्तम चालले. फक्त बुधाच्या कक्षेत शंभर वर्षांत ४३ विकला एवढा फरक उरे, आणि त्याचा उलगडा होत नसे. (एक विकला म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग.)

आइनस्टाइन यांनी दोन्ही गृहीतके बाजूस सारली. काळ सापेक्ष ठरला, अवकाशाला वक्रता आली आणि बुधाचा फरक त्यातून अचूक निघाला. सुलेमानांना ही किंमत फार वाटली. वस्तुस्थिती समजावण्यासाठी कालाचीच व्याख्या बदलणे म्हणजे साक्षीदाराची जबानी जुळत नाही म्हणून साक्षीपुराव्याचा कायदाच बदलण्यासारखे त्यांना वाटत असावे. त्यांनी पहिले गृहीतक जपले आणि केवळ दुसरे सोडले. गुरुत्वाकर्षणाला प्रवास करण्यास वेळ लागतो, असे धरून चालले तर काय होईल? सरळ पडणारा पाऊस चालणाऱ्या माणसाला समोरून तिरपा येताना भासतो. तसेच धावत्या ग्रहाला सूर्याचे आकर्षणही किंचित तिरप्या दिशेने भेटेल. या किंचित फरकाच्या आधारे, जुन्या भूमितीत आणि जुन्या काळात राहूनच, बुधाचे कोडे सुटेल असा त्यांचा दावा होता.

वाट नवी नव्हती, आणि तिच्यावर एक जुना धोंडाही होता. फ्रेंच गणिती लाप्लास यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच दाखविले होते की आकर्षण असे तिरपे पोचले तर ग्रहांच्या कक्षा टिकणार नाहीत. त्या टिकायच्या तर आकर्षणाचा वेग प्रकाशाच्या लक्षावधी पट हवा. या आक्षेपाला सुलेमानांची समीकरणे पुरी पडली, असे आज कोणी मानत नाही.

तरीही त्यांची एक गोष्ट मनापासून आवडते. आपली उपपत्ती त्यांनी शब्दांच्या आडोशाला ठेवली नाही. सूर्याच्या कडेजवळून येणारा ताऱ्याचा प्रकाश किती वळेल याचा आकडा त्यांनी ग्रहणापूर्वीच जाहीर केला. आइनस्टाइन यांचा आकडा होता १.७५ विकला. सुलेमानांचा सव्वादोन ते अडीचच्या दरम्यान होता. फरक केसाएवढा, पण मोजता येण्याजोगा. १९ जून १९३६ रोजी सायबेरिया आणि जपानवरून जाणारे खग्रास सूर्यग्रहण हा या वादाचा न्यायनिवाडा ठरणार होता, आणि वृत्तपत्रांनी तो अलाहाबादचा न्यायाधीश विरुद्ध आइनस्टाइन असा रंगविला.

पुढे जे झाले ते पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. १९१९ च्या प्रसिद्ध ग्रहणाने आइनस्टाइन यांच्यावर शिक्कामोर्तब केले, एवढेच आपण मुलांना शिकवतो. पण १९२९ च्या ग्रहणात जर्मन शास्त्रज्ञ फ्रॉइन्डलिश यांना २.२४ विकला हे मान मिळाले होते, आणि १९३६ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाइलॉव यांना २.७३. दोन्ही आकडे आइनस्टाइन यांच्यापेक्षा सुलेमानांना जवळचे होते. काही काळ तरी निकाल त्यांच्या बाजूने झुकल्यासारखा दिसला आणि त्यांच्या चाहत्यांनी आनंद साजरा केला. मात्र धावपळीत, उघड्या माळावर, ग्रहणाच्या दोनेक मिनिटांत घेतलेल्या छायाचित्रांवरून एवढा सूक्ष्म कोन मोजणे किती कठीण असते, हे जाणकारांना ठाऊक होते. १९३८ मध्ये अमेरिकेत आइव्ह्‌ज आणि स्टिलवेल यांनी वेगाने धावणाऱ्या हायड्रोजनच्या अणूंचा प्रकाश तपासला, तेव्हा गतीमुळे कालमान मंदावते याला प्रत्यक्ष पुरावा मिळाला. गंमत अशी, की आइव्ह्‌ज स्वतः आइनस्टाइन यांचे विरोधकच होते.

तोपर्यंत सुलेमान दिल्लीत होते. संघीय न्यायालयाचे काम आणि १९३८ पासून अलीगढचे कुलगुरुपद अशी दुहेरी जबाबदारी त्यांनी उचलली. एवढ्या व्यापात गणित मागे पडले असते तर कोणी दोष दिला नसता. १९४१ च्या मार्चमध्ये, वयाच्या अवघ्या पंचावन्नाव्या वर्षी, दिल्लीतच त्यांचे निधन झाले. निजामुद्दीनच्या दर्ग्याच्या परिसरात, अमीर खुस्रोच्या समाधीजवळ, त्यांना दफन करण्यात आले. अलीगढ विद्यापीठातील एक वसतिगृह त्यांचे नाव चालवीत आहे.

प्रकाशाच्या वळणाचा निकाल पुढे आइनस्टाइन यांच्या बाजूने लागला. १९५२ मध्ये सुदानमधील ग्रहणात १.७० हे मान आले. १९७० नंतर ग्रहणाची वाट न पाहता दूरस्थ रेडिओ-स्रोतांवरून मोजमाप होऊ लागले, आणि १.७५ हा आकडा शंकेपलीकडे गेला. सुलेमानांनी सोडून दिलेले गृहीतक मात्र चुकीचेच होते. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून निघालेल्या गुरुत्वलहरी आणि गॅमा किरण सुमारे तेरा कोटी वर्षांचा प्रवास करून पृथ्वीवर पोचले. दोघांच्या येण्यात अंतर होते ते केवळ १.७ सेकंदांचे.