स्वयंपाकघरातील पहिले इंजिन

हेन्री फोर्ड यांचे नाव निघाले की १९०८ ची ‘मॉडेल टी’ मोटार आणि तिचे अवाढव्य कारखाने आठवतात. मात्र त्यांच्या वाटचालीतील निर्णायक प्रयोग डेट्रॉइटमधील एका भाड्याच्या घरात, स्वयंपाकघरातील सिंकवर झाला होता.

३० जुलै १८६३ रोजी मिशिगनमधील शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या फोर्ड यांना नांगरापेक्षा यंत्रांची ओढ अधिक. १८८८ मध्ये क्लारा ब्रायंट यांच्याशी विवाह झाल्यावर वडिलांनी दिलेल्या जमिनीवर ते काही काळ स्थिरावले. परंतु १८९१ मध्ये त्यांनी मनातील इंजिनाचा आराखडा पत्नीसमोर कागदावर मांडला आणि दोघांनी गाव सोडून डेट्रॉइट गाठले. तेथील एडिसन इल्युमिनेटिंग कंपनीत ते वाफेच्या यंत्रांची देखभाल करू लागले. पगार बरा होता. इंजिनाचे काम फावल्या वेळातच करावे लागे.

हे इंजिन म्हणजे भंगारातून साधलेली किमया होती. सिलिंडरसाठी गॅसच्या नळाचा तुकडा आतून घासून गुळगुळीत केला होता. त्यात घरीच घडविलेला दट्ट्या बसविला. जुन्या लेथचे हातचाक गतिचक्र म्हणून लावले आणि सारा सांगाडा एका लाकडी फळीवर घट्ट बसविला. कार्ब्युरेटर नव्हता. ठिणगीसाठी घरातील विजेचा प्रवाह घेतला होता.

२४ डिसेंबर १८९३ ची रात्र. क्लारा दुसऱ्या दिवशीच्या नाताळच्या भोजनाची तयारी करीत होत्या. जेमतेम सात आठवड्यांचा एड्सेल शेजारच्या खोलीत झोपला होता. फोर्ड यांनी फळी सिंकला आवळली आणि पेट्रोल थेंबाथेंबाने सोडण्याचे काम पत्नीवर सोपविले. एकट्या माणसाने पेट्रोल सोडायचे आणि चाकही फिरवायचे, हे शक्यच नव्हते. थेंब जास्त पडले तर पेट्रोलच्या वाफांना ठिणगी लागण्याचा धोका होता, तोही तान्ह्या मुलाच्या खोलीशेजारी. चाक फिरविताच इंजिन खोकल्यासारखे उचकले, मग धडधडू लागले. सिंक हादरले, धुराड्यातून ज्वाळा निघाल्या. पेट्रोल दाबल्यावर ठिणगीने पेटते, दट्ट्या ढकलला जातो आणि चाक फिरते, हे सूत्र आता स्वतःच्या हातांनी सिद्ध झाले होते. या रात्रीच्या कथेत क्लारा यांचा उल्लेख बहुधा ओझरताच होतो, हे अन्यायाचे वाटते.

त्या इंजिनाने ना गाडी ओढली, ना कोणते यंत्र चालविले. फोर्ड यांनी ते बाजूला ठेवले आणि दोन सिलिंडरचे मोठे इंजिन हाती घेतले. त्यावर चालणारी ‘क्वाड्रिसायकल’ ४ जून १८९६ च्या पहाटे तयार झाली, तेव्हा ती शेडच्या दारातून बाहेर निघेना. त्यांनी कुऱ्हाडीने विटांची भिंत फोडून वाट काढली. (१९२२ च्या आत्मचरित्रात त्यांनी ही गाडी १८९२ सालची म्हटले आहे, अभ्यासक मात्र १८९६ हेच साल ग्राह्य धरतात.)

पुढे त्यांनी ती गाडी दोनशे डॉलरना विकून पैसा नव्या गाडीत घातला आणि नंतर प्रसिद्धी लाभल्यावर तीच गाडी परत विकत घेतली. ७ एप्रिल १९४७ रोजी त्यांचे निधन झाले. गॅसच्या नळाचे ते छोटे इंजिन आज डिअरबर्न येथील फोर्ड संग्रहालयाच्या संग्रहात आहे.